1:100 आमागिरी: फुबुकी वर्गाच्या विनाशिकेच्या कामाच्या नोंदी

14 जानेवारी 2024

आजपासून नोंदी ठेवतो. रेडिओवर चालणारी, पाण्यात उतरणारी जपानी विनाशिका करायची आहे, 1:100 मापाची. मूळ जहाज 118.4 मीटर लांब आणि 10.4 मीटर रुंद, म्हणजे माझं 118 सेंटिमीटर लांब आणि जेमतेम अर्धी वीत रुंद. हा आकडा पहिल्याच दिवशी डोक्यात बसवायला हवा होता, तो बसवला नाही. पुढे सहा महिने त्याचीच फळं खाल्ली.

फुबुकी वर्ग निवडला, कारण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विनाशिकांचं माप याच जहाजांनी बदललं. 1922 च्या वॉशिंग्टन करारात अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण 5:5:3 ठरलं. विनाशिकांवर मात्र बंधन नव्हतं. संख्येत कमी पडणार असू तर एकेक जहाज दुप्पट दणकट करू, असा जपानी नौदलाचा हिशोब. पहिली फुबुकी ऑगस्ट 1928 मध्ये माइझुरूच्या गोदीतून आली आणि 1933 पर्यंत अशी 24 जहाजं झाली. सहा 12.7 सेंटिमीटर तोफा, 61 सेंटिमीटरच्या नऊ पाणतीर (टॉर्पेडो) नळ्या, ठरवलेला वेग 38 नॉट. त्याच सुमारास ब्रिटिश ए वर्गाच्या विनाशिकेवर चारच तोफा, त्याही उघड्या. फुबुकीच्या तोफा बंद तोफघरांत. उत्तर पॅसिफिकच्या लाटा अंगावर घेत तोफ भरायची नाही, एवढी साधी गोष्ट, पण विनाशिकेवर ती कुणी केली नव्हती.

28 जानेवारी

पहिला तोटा: 480 रुपये आणि एक आठवडा.

आराखडा प्रिंट करून आणला. दुकानदाराच्या यंत्राने तो 'पानात बसवून' छापला, म्हणजे 97 टक्के. मी पट्टी न लावता तीन आडवे पाट (सांगाड्याच्या फासळ्या) कापले आणि मग एकूण लांबी मोजली तर 114.8 सेंटिमीटर. प्रिंट हातात पडल्यावर दुकानातच पट्टी लावा. चूक दुकानदाराची नाही, मी सांगितलंच नव्हतं.

प्लायवूड 3 मिलिमीटर, पाट 14, दर 8 सेंटिमीटरवर एक. करवतीपेक्षा सुताराकडचा जिगसॉ बरा, पण पातं बारीक दाताचंच घ्या, नाहीतर कडा फुटतात.

18 फेब्रुवारी

सांगाडा उभा राहिला. कणा सरळ आहे का ते पाहायला दोरी ताणली तर मध्ये 4 मिलिमीटरचा बाक. फळीवर ओले पाट चिकटवले होते, ते वाळताना ओढले गेले. सगळे काढले, फळीला खिळ्यांची चौकट केली आणि पुन्हा चिकटवले. पंधरा दिवस गेले.

मधल्या दिवसांत वाचन. या जहाजांना सुरुवातीला नावंच नव्हती, नुसते क्रमांक होते. फुबुकी म्हणजे 35 क्रमांकाची विनाशिका. 1 ऑगस्ट 1928 ला नावं मिळाली आणि ती सगळी हवामानखात्यातली वाटतात: फुबुकी म्हणजे हिमवादळ, हात्सुयुकी म्हणजे हंगामातलं पहिलं बर्फ, युगिरी म्हणजे संध्याकाळचं धुकं. आमच्याकडे कोल्हापुरात जहाजाला नाव द्यायचं तर 'रणधीर'च्या खाली कुणी येणार नाही.

17 मार्च

बाल्साच्या 3 मिलिमीटर पट्ट्या लावतोय. बाजू सरळ आहेत, त्या पटापट झाल्या. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, अडलो. या वर्गाची नाळ पाण्यापाशी चाकूसारखी आणि वर डेकपाशी सुपासारखी पसरलेली आहे, लाट फेकून द्यायला. तिथे पट्टी एकाच वेळी वाकवायची आणि पिळायचीही असते. कोरडी लावली तर मोडते. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली, तीही मोडली. शेवटी पट्ट्या रात्रभर पाण्यात, सकाळी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, मग टाचण्या मारून दोन दिवस वाळवायच्या आणि नंतरच चिकटवायच्या. अशा मोजून अकरा पट्ट्या. किटली आता घरात परत घेणार नाही असं सौ.नी जाहीर केलं आहे.

7 एप्रिल

हलवर (जहाजाच्या बाहेरच्या अंगावर) काचकापडाचा एक थर, रेझिन, घासकाम, ऑटो पुट्टी, परत घासकाम. वजन 790 ग्रॅम. खूश होतो.

आता वरचं काम. इथेच आराखड्याने दगा दिला. तोफघरं केली, प्रत्येकात दोन नळ्या. हौस म्हणून एक नळी वर, एक खाली ठेवली. भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने जुने फोटो काढून दाखवले आणि विचारलं, "मामा, धुराड्याशेजारी हे हुक्क्यासारखे पाइप आहेत आणि तोफा मात्र वेगवेगळ्या वर-खाली. हे एकाच जहाजावर कसं?"

बरोबर होतं त्याचं. हा वर्ग एक नाही, तीन आहेत. पहिल्या गटातल्या जहाजांना धुराड्यांशेजारी मोठाले वाकडे हवानळ, आणि तोफघर 'ए' प्रकारचं: दोन्ही नळ्या एकत्रच उचलायच्या, तेही 40 अंशांपर्यंत. दुसऱ्या गटात, म्हणजे आयानामी आणि तिच्या बहिणींत, हवा घ्यायची तोंडं धुराड्याच्या बुडाशी वाडग्यासारखी बसवली आणि तोफघर 'बी' प्रकारचं आलं, नळ्या स्वतंत्र, 75 अंशांपर्यंत. तिसऱ्या गटात चारच जहाजं. त्यांना चारऐवजी तीन बॉयलर, म्हणून पुढचं धुराडं बारीक. मधे उरानामी नावाची एक आहे, ती पहिल्या गटातली पण हवानळ दुसऱ्या गटाचे. माझा आराखडा म्हणजे या सगळ्यांची भेळ.

हे करणाऱ्यांसाठी एकच सांगणं: आधी जहाजाचं नाव ठरवा, मग साल, मग आराखडा. मी उलट केलं.

14 एप्रिल

निर्णय झाला. तोफघरं तयार आहेत ती 'बी', म्हणून जहाज दुसऱ्या गटातलं. त्यातून आमागिरी निवडली, 1930 मध्ये पूर्ण झालेली. साल 1942, महिना एप्रिल. का, तर त्या महिन्यात ती आपल्या दारात होती. जपानी अ‍ॅडमिरल ओझावा यांच्या तुकडीबरोबर आमागिरी, युगिरी, आसागिरी आणि शिराकुमो बंगालच्या उपसागरात घुसल्या आणि त्या तुकडीने थोड्याच दिवसांत वीसच्या वर व्यापारी जहाजं बुडवली. 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बाँब पडले ते याच मोहिमेत.

साल 1942 ठरवल्यावर ब्रिजही (जहाज चालवायची वरची खोली) चुकला. मी 1930 चा उंच ब्रिज केलेला. 1942 मध्ये तो बुटका होता. का बुटका झाला ते तेव्हा नुसतं वाचून सोडून दिलं.

19 मे

वरचं सगळं पूर्ण: ब्रिज 1.5 मिलिमीटर प्लायवूडचा (नवा, बुटका), धुराडी पितळी पत्र्याची, डाग देऊन जोडलेली, तोफघरं आणि पाणतीर नळ्या रेझिनमध्ये भरीव ओतलेल्या. दिसायला झकास. धुराड्यांवर चार दिवस गेले, पण पितळ चमकताना पाहून रंग द्यावासा वाटेना.

दोन मोटारी, दोन शाफ्ट, 30 मिलिमीटरचे पितळी पंखे, सर्व्हो (सुकाणू फिरवायची छोटी मोटार), रिसीव्हर. बॅटरी 6 व्होल्टची शिशाची, वजन 730 ग्रॅम. विचार असा की वजन खाली राहील.

2 जून

बुडाली.

गच्चीवरच्या हौदात सोडली. सोडताक्षणी डावीकडे कलली आणि तशीच राहिली. सरळ केली, तर उजवीकडे कलली आणि तिकडेच राहिली. बोटाने जरासं ढकललं तर पूर्ण आडवी झाली, डेकच्या भोकातून पाणी शिरलं आणि नाळ वर करून खाली गेली. हौद अडीच फूट खोल, म्हणून बाहेर काढली. रिसीव्हर गेला, 1,300 रुपये.

दाजी आणि ताई जेवायला आले होते. दाजी काठावर उभे राहून म्हणाले, "पावणं, पाणबुडी केलीसा व्हय?"

संध्याकाळी वजनं केली. आधी करायला हवी होती. मूळ जहाजाचं वजन 2,090 टन, त्याला दहा लाखांनी भागलं की साधारण 2 किलो 100 ग्रॅम. माझं असं: हल 790, बॅटरी 730, यंत्रसामग्री 430, आणि वरचं सगळं 610. बेरीज 2,560. पाणरेषा अर्धा सेंटिमीटर बुडालेली. पण जास्त वजनाने ती बुडाली नाही. 610 ग्रॅम डेकच्या वर होते, म्हणून बुडाली. दुसरं, बॅटरी आडवी ठेवली तरी 47 मिलिमीटर उंच. हल आतून सहा सेंटिमीटर खोल. 'खाली' ठेवलेलं वजन प्रत्यक्षात मधोमध होतं.

3 जून

रात्री झोप नाही. एप्रिलमध्ये सोडून दिलेलं ते बुटक्या ब्रिजचं प्रकरण परत काढून वाचलं.

जपान्यांचंही हेच झालं होतं, आणि त्यांनी माणसं गमावली. 1930 च्या लंडन करारात विनाशिकेला 1,850 टनांची मर्यादा आली आणि 1,500 टनांवरची जहाजं किती असावीत यावरही बंधन आलं. मग लहान जहाजावर मोठ्या जहाजाची हत्यारं चढवायची चढाओढ सुरू झाली. 12 मार्च 1934 ला तोमोझुरु ही नवीकोरी टॉर्पेडो बोट सासेबोजवळ वादळात उलटली. तळ वर करून तरंगत राहिली, आतले बहुतेक खलाशी मेले. ती फुबुकी वर्गाची नव्हती, पण त्या दिवसानंतर नौदलातल्या प्रत्येक जहाजाचं वजन परत तपासलं गेलं. फुबुकीचंही.

ते काम चालू असतानाच, 26 सप्टेंबर 1935 ला, सरावासाठी निघालेला चौथा ताफा तुफानात सापडला. हात्सुयुकी आणि युगिरी या दोघींच्या नाळा ब्रिजच्या पुढे मोडून गेल्या. मोडून म्हणजे अक्षरशः, अख्खा पुढचा तुकडा वेगळा. हात्सुयुकीच्या तुटलेल्या नाळेत सांकेतिक पुस्तकं होती. नाची क्रूझरने ती ओढून न्यायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून शेवटी तोफा डागून बुडवली. त्या तुकड्यात अडकलेल्या खलाशांचा विचार केला की हा छंद चार दिवस नकोसा होतो.

म्हणजे जहाज दोन्हीकडून चुकलं होतं. वरून जड, आणि वजन वाचवायला हल इतकं हलकं केलेलं की लाटेने मोडावं. दुरुस्तीत ब्रिज छोटा केला, धुराडी कापली, राखीव पाणतीर नऊवरून तीनवर आणले, तळाशी 40 टन भार टाकला, वेल्डिंगवर आवर घालून महत्त्वाच्या जोडांत परत रिवेट आणले. जहाज 2,090 टनांचं झालं आणि वेग 38 वरून 34 नॉटवर आला. चार नॉट गेले, पण सरळ उभं राहिलं.

मी बुटका ब्रिज केला तो फोटोत तसा दिसतो म्हणून. तो का कापला हे कळायला हौदात बुडावं लागलं.

16 जून

पितळी धुराडी काढली. हातात घेऊन थोडा वेळ बसलो. मग 0.5 मिलिमीटर स्टायरीनची (प्लास्टिकच्या पत्र्याची) नवी केली. दोन पितळी 96 ग्रॅम, दोन नवी 14 ग्रॅम. भरीव तोफघरं फेकली, पोकळ केली: तीन मिळून 186 होती, आता 33. ब्रिज प्लायवूडऐवजी स्टायरीन, आतून पोकळ, मजले नुसते कडेने. स्टायरीन जोडायला नेहमीचा गोंद चालत नाही, पत्रा विरघळवणारा द्रव ब्रशने लावावा लागतो. खिडक्या उघड्या ठेवा, डोकं दुखतं.

पाणतीर नळ्यांना ढाल लावली. हीसुद्धा आकात्सुकी गटापासून, म्हणजे तिसऱ्या गटापासून, सुरू झालेली आणि जुन्या जहाजांना मागाहून बसवलेली गोष्ट.

14 जुलै

पावसाने काम ठप्प. दमट हवेत रेझिन चिकटच राहतंय, तीन दिवस झाले तरी बोट लावलं की ठसा उमटतो. पेटीत 60 वॉटचा बल्ब लावून त्यात भाग ठेवले, तेव्हा सुकले. जुलैत रेझिनचं काम काढूच नका, निदान घाटाच्या अलीकडे.

रिकाम्या वेळात याच वर्गातल्या इकाझुचीचं वाचलं. मार्च 1942 मध्ये जावाच्या समुद्रात एन्काउंटर ही ब्रिटिश विनाशिका आणि पोप ही अमेरिकन विनाशिका बुडाल्या. दुसऱ्या दिवशी इकाझुचीचे कप्तान शुनसाकु कुडो यांनी पाणबुड्यांचा धोका असताना जहाज थांबवलं आणि 442 शत्रू खलाशी पाण्यातून वर घेतले. या डेकवर, ज्यावर मला 20 ग्रॅमसुद्धा जड वाटतात, एवढी माणसं. त्यांना उभं राहायला तरी जागा कुठे झाली असेल, ते मॉडेल समोर ठेवून मोजत बसलो.

11 ऑगस्ट

दुसरी चाचणी, हौद.

शिशाची बॅटरी काढली. तिच्या जागी चार लिथियम सेल, आडवे, 18 मिलिमीटर उंच, मिळून 190 ग्रॅम. वाचलेलं वजन शिसं म्हणून कण्यावर, 5 मिलिमीटर जाडीची पट्टी. शिसं टायरच्या दुकानातून आणलं, चाकं बॅलन्स करायची जुनी वजनं ते किलोवर देतात. पण ती वितळवू नका. मी तो विचार केला होता, भाच्याने थांबवलं. शिशाचा धूर विषारी. हातोडीने चपटी करून रेझिनमध्ये बसवली, हातमोजे घालून.

आता: हल 790, सेल 190, यंत्रसामग्री 430, वरचं 215, शिसं 480. बेरीज 2,105.

सरळ उभी राहिली. तपासायची सोपी पद्धत: दहा रुपयांची तीन नाणी (सुमारे 23 ग्रॅम) डेकच्या एका कडेला ठेवायची. साधारण 4 अंश कलली आणि नाणी काढताच परत सरळ. जूनमध्ये हेच केलं असतं तर रिसीव्हर वाचला असता.

22 सप्टेंबर

रंग. वर राखाडी, पाण्याखाली लाल. डेकचा काही भाग लिनोलियमचा, तपकिरी, त्यावर पितळी पट्ट्यांच्या रेघा. त्या रेघांसाठी पितळेचा मोह परत झाला, पण सोनेरी पेन वापरला. शांततेच्या काळात या जहाजांच्या बाजूवर पांढऱ्या जपानी अक्षरांत नाव लिहिलेलं असे. युद्धात ते काढून टाकलं, म्हणून माझी सुटका झाली.

पहिला राखाडी हात दाट झाला आणि रिवेटच्या ओळी बुजल्या. घासून परत.

20 ऑक्टोबर

दाजींचं शेततळं. पाऊस चांगला झाल्याने काठोकाठ. सकाळी वारा नसताना सोडली.

20 मीटर 11 सेकंदांत. या मापाला वेगाचं गणित दहाने होतं, म्हणजे खऱ्या जहाजाचे 35 नॉट. दुरुस्तीनंतरच्या आमागिरीपेक्षा एक जास्त, उगाच बढाई नको म्हणून मोटारीचा जोर थोडा कमी केला. पूर्ण वेगात सुकाणू एकदम फिरवलं तर बाहेरच्या अंगाला बरीच कलते, डेकची कड पाण्याला टेकते, पण परत येते. एकदा दाजींनी मुद्दाम पाण्यात धोंडा टाकला. लाट नाळेवर चढली आणि सुपासारख्या कडेवरून दोन्ही बाजूंना गेली, ब्रिजपर्यंत थेंब आला नाही. अकरा पट्ट्या वसूल.

काठावर भाच्याने आमागिरीचं पुढचं सांगितलं. 2 ऑगस्ट 1943 च्या पहाटे, सॉलोमन बेटांपाशी, अंधारात हिनेच पीटी-109 या अमेरिकन बोटीला मधोमध चिरलं. त्या बोटीवर लेफ्टनंट जॉन केनेडी होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. आमागिरीचे कप्तान कोहेई हानामी. पुढच्या एप्रिलात मकासारच्या सामुद्रधुनीत सुरुंगावर ती गेली. 24 पैकी मियुकी तर युद्धाआधीच, 1934 मध्ये इनाझुमाशी टक्कर होऊन बुडालेली. युद्ध संपलं तेव्हा दोनच तरंगत होत्या, उशिओ आणि हिबिकी. हिबिकी पुढे रशियाला दिली.

दाजींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग ती केनेडीची बोट केवढी हुईल?" 1:100 ला 24 सेंटिमीटर. त्यांच्याकडे गोठ्याच्या प्लायवूडचे तुकडे पडले आहेत म्हणे.

27 ऑक्टोबर

खर्च, जो कुणी विचारतो त्याच्यासाठी: प्लायवूड 650, बाल्सा 2,400, काचकापड आणि रेझिन 1,150, शाफ्ट आणि पंखे 1,900, मोटारी आणि रेडिओ 5,200, लिथियम सेल आणि चार्जर 1,450, स्टायरीन 1,350, रंग 1,100. हे कामी आलेलं, 15,200 रुपये. वाया गेलेलं: आराखडा 480, पितळी पत्रा 620, ओतकामाचं रेझिन 540, शिशाची बॅटरी 780, रिसीव्हर 1,300. म्हणजे 3,720. बॅटरी आता शेजारच्या मुलाच्या टॉर्चला लावली आहे.

डाव्या शाफ्टमधून अजून पाणी येतं. वीस मिनिटांत दोन चमचे. ग्रीस बदलून पाहिलं, नळी ताणून पाहिली. पुढच्या रविवारी शाफ्ट काढून बघतो.